आधी काय वाळलं ते सांगा

विश्रामबागेत हेमलताबाईंच्या गच्चीवर
तीन जिने चढून गेलो, तर चपलांची रांग आधीच लागलेली.
रंगाचे रिकामे डबे, फुटका माठ, द्राक्षाच्या पेट्या,
सगळ्यांत काहीतरी हिरवं.
एका जुन्या कमोडमध्ये पुदिना, तोही जोरात.

नव्यांनी उभं राहून बोलायचं, हा तिथला नियम.
नाव सांगायचं, आणि मग
काय लावलंय ते नाही,
काय वाळलं ते.
"लावलेलं कुणीबी सांगतंय ओ," बाई म्हणाल्या,
चहा गाळता गाळता.

पहिली उठली सिजी, मिरजेच्या दवाखान्यातली नर्स.
मराठी अशी, की प्रत्येक शब्द आधी धुऊन घेतलेला.
कढीपत्ता, म्हणाली. कोट्टायमहून आणलेला,
ओल्या रुमालात, दोन दिवस मांडीवर.
मग नाइट ड्यूटी लागली, सलग आठ.
एवढंच बोलून बसली.
मागून कुणी म्हणालं, माझ्याकडं पिल्लं आहेत तीन, न्या की.
ती कोट्टायमची नाहीत, हे सगळ्यांनाच कळलं.

मग नूरअहमद, सतारीचे भोपळे कोरणारे.
वाळलं काय, म्हटल्यावर हसले.
"आमच्याकडं वाळलं तरच कामाला येतं."
त्यांना गच्चीवर वेल चढवायचाय, कडू भोपळ्याचा,
कवेत मावणार नाही असं फळ धरणारा.
बाईंनी वहीत लिहिलं: मांडव, मजबूत.
नंतर 'मजबूत'खाली रेघ.

एक कॉलेजची पोरगी होती, ऋजुता की ऋतिका, नीट ऐकू आलं नाही.
तिच्या घरमालकाला बाल्कनीत माती चालत नाही.
बाटलीतल्या पाण्यावर मनीप्लँट ठेवलाय,
तो मरत नाही आणि वाढतही नाही,
हे वाळण्यात धरायचं का?
त्यावर दहा मिनिटं गेली.

माझी पाळी येऊ नये म्हणून मी
कठड्यावरून खाली, कुणाची तरी स्कूटर बघत होतो.

मी भूपाल मगदूम.
मार्केट यार्डाजवळ बावीस वर्षं औषधांच्या दुकानात.
माणसांच्या नव्हे.
द्राक्षाचा डाऊनी, हळदीचा करपा, उसाचा लोकरी मावा,
पान हातात आलं की डोस तोंडात.
पंपाला किती मिली, किती दिवस तोडायचं नाही.
आम्ही औषधच म्हणायचो.
डब्यावर लाल शंकरपाळ्यासारखी खूण असते,
ती भिंतीकडं करून डबे लावायची मला सवय.

स्वतः एक रोप लावलं नाही कधी.
म्हणजे वाळलंही नाही काही,
असं म्हणायला गेलो, आणि जमेना.

गच्ची गप्प.
फवाऱ्याची भाजी नको म्हणून तर ही माणसं इथं आलेली.
शेजारच्यानं आपली गांडूळखताची पिशवी
उगाच पलीकडं सरकवली.

तेवढ्यात हरिपूरच्या एक आक्का,
पिशवीतून जास्वंदीची फांदी काढून:
"मग हे पांढरं पांढरं काय ओ? तुमी सांगा."

चष्मा लावला. पान उलटं केलं.
पिठ्या ढेकूण.
तोंडात नाव आलं कंपनीचं,
शंभर मिलीच्या बाटलीसकट.
गिळलं.
साबणाचं पाणी, म्हणालो. जुना दातांचा ब्रश, हळू हातानं.
आणि मुंग्या कुठून चढतात ते बघा आधी.
"हे विकायचा व्हय तुमी?"
नाही, म्हटलं. हे कवलापूरचा एक म्हातारा मला सांगायचा,
काहीच न घेता दुकानातनं उतरताना.

वहीत माझ्या नावापुढं बाईंनी रेघ मारली,
मग खोडली, मग जागा मोकळी ठेवली.

निघताना हातात मिरचीचं रोप, दह्याच्या डब्यात, चार पानांचं.
रिक्षात मांडीवर धरलं.
शंभरफुटी येईपर्यंत दोनदा पानं उलटून बघितली.
काही नव्हतं अजून.